पहिली मोजणी पाचव्या दिवशी

सोयाबीन, मूग, उडीद. शंभर-शंभर दाणे
ओल्या कागदात गुंडाळून मी उभे ठेवतो.
पाचव्या दिवशी पहिली मोजणी, आठव्या दिवशी शेवटची.
परभणीच्या प्रयोगशाळेत हेच माझं काम,
आणि एकाच पिशवीतले, एकाच पाण्यावरचे दाणे
एका दिवशी कधी फुटत नाहीत
हे मला पगारी ठाऊक आहे.

तरी मन्मथचा फोटो आला की मी आरशाकडे जातो.

आम्ही एकाच आठवड्यात सुरुवात केली,
तो अहमदपूरला, मी इथं.
तेच औषध, तेवढंच, दर एकवीस दिवसांनी.
शिरसाट सिस्टर कुपी मुठीत धरून कोमट करतात,
म्हणतात, तेल घट्ट असतंय रतन, सावकाश जाऊ दे.
(नाव मला बदलावं लागलं नाही.
ते आधीच येऊन बसलं होतं,
एसटीत जागा धरायला पाठवलेल्या पोरासारखं.)

मन्मथला चौथ्या महिन्यात कल्ले, सहाव्यात दाढी,
आता तर खरोखरची, खाज सुटणारी.
आवाज मात्र होता तिथंच, पातळ, ताकासारखा.
माझं उलटं. तिसऱ्या महिन्यात घसा बसला
तो उठलाच नाही.
हनुवटीवर सात केस. मोजलेत.
पाठीवर पुटकुळ्या, घामाला दुसऱ्याच कुणाचा वास.
पाळी पाचव्या महिन्यात थांबली,
दहाव्यात एकदा येऊन गेली,
विसरलेली छत्री न्यायला आल्यासारखी.
आणि दाढीच्या आधी कपाळ आलं, बापाचं,
दोन्ही कोपऱ्यांतून मागं सरकलेलं.
बाप दोन वर्षं बोलत नाही.
कपाळ बोलतंय.

वसमत रोडला खोली बघायला गेलो.
फोनवर मी बोललो होतो, दारात मन्मथ पुढं.
मालक दाढीकडं बघून म्हणाले, "फोनवर तुम्हीच का?"
मन्मथनं मान हलवली.
मागून मी विचारलं, "पाणी किती वाजता येतंय?"
मालकांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं,
हिशोब लागेना,
मग डिपॉझिट सांगितलं.
जिन्यात आम्ही हसलो. त्याचं हसू वर फुटलं, माझं खाली.
दोघांत मिळून एक गडी,
भाडं मात्र पूर्ण.

रात्री तो म्हणाला, तुझा आवाज दे रे दोन दिवस,
बँकेत जायचंय.
मी म्हणालो, दाढी ठेव गहाण.
यावर मात्र कुणी हसलं नाही.

रविवारी जिंतूरला जातो. आईचं क्रियापद सगळ्यांत मागं.
रागात ती मला मुलगा करते, कुठं मेलतास इतका वेळ?
ताट वाढताना परत तेच, जेवलीस का?
मी दुरुस्त करत नाही. भूक लागलेली असते.
परवा ती मध्येच अडकली,
"जेव" एवढंच म्हणाली
आणि न विचारता भाजी वाढली.

आठव्या दिवशी कागद उलगडतो.
फुटलेले, वेडेवाकडे, कुजलेले,
आणि मुगात तीन असे, ठेवले तसेच,
टणक, चकचकीत.
त्यांनी अजून पाणीच घेतलेलं नाही.
नव्या माणसाला वाटतं, मेलेत.
तक्त्यात त्यांचा रकाना वेगळा आहे: कठीण.
मोजून झालं की टाकून द्यायचे, असा नियम.

डब्याच्या झाकणात, ओल्या रुमालावर,
खोलीच्या खिडकीत ठेवलेत.
कामावरून आलो की मन्मथ विचारतो
त्या पातळ आवाजात, आलं का काही?
मी हनुवटी चाचपतो.
मुगाचं विचारायलो, तो म्हणतो.